गळाची काठी घरी बांधताना : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात पूर्व विदर्भातील मामा तलावांवर (म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर) गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींविषयी आम्ही लिहिले होते. त्या लेखात ‘तयार रॉड घेण्याऐवजी सुटे भाग मागवून तो घरीही बांधता येतो’ असे एक वाक्य ओझरते आले होते, आणि आलेली बहुतेक पत्रे त्या एका वाक्यावरच आहेत. त्यांतील काही पत्रे थोडी आटोपशीर करून उत्तरांसह देत आहोत. रॉडची नुसती, काहीही न बसवलेली नळी म्हणजे ब्लँक आणि दोरी ओवण्याच्या कड्या म्हणजे गाइड. दोरी गुंडाळण्याची चरखी म्हणजे रील आणि ते काठीवर जिथे बसते ती खोबण म्हणजे रील सीट. हे शब्द दुकानात याच नावांनी मागावे लागतात, म्हणून ते तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिक्षक आहे. आमच्या गावच्या बोड्यांमध्ये, म्हणजे लहान तलावांत, मरळ पुष्कळ आहे आणि मत्स्यव्यवसाय संस्थेने गळ टाकण्यास परवानगीही दिली आहे. रॉड स्वतः बांधावा म्हणून सामानाची यादी केली, तर सर्वांत महाग वस्तू रील सीट निघाली, कारण तिच्यात नक्षीदार लाकडाचा तुकडा आहे. उरलेल्या पैशांत ‘हाय मॉड्युलस कार्बन’ असे लिहिलेला एक सात फुटी ब्लँक बसतो. त्यावर ‘५ ते १४ ग्रॅम’ असे छापले आहे. माझे रील ३००० आकाराचे स्पिनिंग आहे. यादी बरोबर आहे का?

उत्तर : गुरुजी, यादीतील एकही वस्तू वाईट नाही, परंतु ती ज्या क्रमाने निवडली गेली तो क्रम उलटा आहे. रॉडचे सामान निवडताना सुरुवात पाण्यापासून आणि माशापासून करावी लागते. मासा ठरला की आमिषाचे वजन आणि दोरीची ताकद ठरते, त्यावरून ब्लँक ठरतो, ब्लँक आणि रील मिळून गाइड ठरवतात, आणि रील सीट व मूठ यांचा विचार त्यानंतर येतो. लाकडाचा नक्षीदार तुकडा हा या पंगतीत सर्वांत शेवटी बसणारा पाहुणा आहे.

आपली बोडी डोळ्यांसमोर आणा. काठाला बेशरम माजलेली, मध्ये कमळाची पाने, एखाद्या कोपऱ्यात ढीवर बांधवांनी लावलेले शिंगाड्याचे वेल. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते, वेलांच्या फटीतून आमिषावर झडप घालते आणि तोंडात काही टोचले की लगेच खाली मुळांकडे धाव घेते. पहिल्या दोन-तीन क्षणांत तिचे डोके आपल्याकडे वळवता आले नाही, तर मासा वेलात आणि दोरी कमळाच्या देठांत, अशी गत होते. या मासेमारीचा पोकळ रबरी बेडूक साधारण १० ते २० ग्रॅमचा असतो आणि विणलेली दोरी ३० ते ५० पौंडांची. ‘५ ते १४ ग्रॅम’ छापलेला ब्लँक त्यांतला हलका बेडूक फेकेलही, पण मरळीला वेलातून उपसून काढण्याचा जोर त्याच्यात नसतो. आपल्याला साडेसहा ते सात फूट लांबीचा, ‘मीडियम हेवी’ किंवा ‘हेवी’ ताकदीचा, सुमारे १० ते ३० ग्रॅम आमिषाचा ब्लँक पाहिजे.

येथे ताकद आणि वाक या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात, कारण दुकानदारही त्या एकमेकींत मिसळून बोलतात. ब्लँक वाकवायला किती जोर लागतो ती त्याची ताकद, आणि तो वाकतो कुठे तो त्याचा वाक. ‘फास्ट’ म्हटलेला ब्लँक शेंड्याकडच्या भागात वाकतो आणि खाली ताठ राहतो. ‘मॉडरेट’ म्हटलेला ओल्या निरगुडीच्या फांदीसारखा अर्ध्यापर्यंत लवतो. मरळीसाठी फास्ट वाक घ्यावा, कारण बेडूक शेंड्याने नाचवायचा असतो आणि मासा खालच्या ताठ भागाने ओढायचा असतो.

‘हाय मॉड्युलस’ या शब्दाला भुलू नये. कार्बनचा धागा किती ताठ आहे त्याचे माप म्हणजे मॉड्युलस, आणि जपानी पद्धतीत ते २४ टन, ३० टन, ४० टन असे सांगतात. आकडा चढत गेला की तेवढाच ताठपणा कमी मालात साधतो, त्यामुळे ब्लँकची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन घटते. परंतु पातळ भिंतीला दगडावर आपटणे, सायकलच्या कॅरिअरला बांधून नेणे किंवा माशाला काठावर ओढताना काठी उभी सरळ धरून शेंडा दुमडणे सोसत नाही. शिवाय ब्लँकवर छापलेला आकडा त्यात तो उंची धागा किती घातला आहे हे सांगत नाही. एखाद्या थरात घातला तरी छापता येतो. बोडीच्या पाळेवरच्या मरळीसाठी २४ किंवा ३० टनांचा थोडा जाड ब्लँक हा समंजस सौदा आहे.

ब्लँकवर छापलेल्या शब्दांवर विश्वास नसेल तर ताकद घरीच मोजता येते. अमेरिकेत विल्यम हॅनमन यांनी रूढ केलेल्या पद्धतीत ब्लँकचे बूड आडवे घट्ट धरून शेंड्याला एक पिशवी टांगतात आणि शेंडा ब्लँकच्या लांबीच्या एक तृतीयांश इतका खाली येईपर्यंत तिच्यात सेंटची नाणी टाकतात. आपल्याकडे सेंट नकोत. रेती टाकावी आणि शेवटी किराणा दुकानाच्या काट्यावर पिशवी मोजावी. ७ फुटी म्हणजे ८४ इंची ब्लँकचा शेंडा २८ इंच खाली यायला जो ब्लँक जास्त रेती मागतो, तो अधिक ताकदीचा. दोन ब्लँकची तुलना करायला यापेक्षा प्रामाणिक मोजमाप मला माहीत नाही.

पैशांच्या वाटणीचे म्हणाल, तर दहा रुपये असतील तेव्हा पाच ब्लँकला, तीन गाइडना आणि उरलेल्या दोनांत बाकी सर्व, असा माझा हिशेब आहे. त्यामागचे कारण हाताने अनुभवावे. सेलोटेपने एक रुपयाचे नाणे ब्लँकच्या शेंड्याला चिकटवा आणि काठी हलवून पाहा. मग तेच नाणे मुठीजवळ चिकटवून पुन्हा हलवा. तीन-चार ग्रॅमचे ते नाणे मुठीजवळ जाणवतही नाही, पण शेंड्यावर असताना काठी सुस्त होते आणि हेलकावा थांबायला वेळ लागतो. म्हणून शेंड्याकडच्या अर्ध्या भागात जे जे बसते, म्हणजे गाइड, ते बांधण्याचा धागा आणि त्यावर लावायची इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा चिकट लेप), त्यातला अर्धा ग्रॅम वाचवायला पैसे मोजावेत आणि मुठीतले वीस ग्रॅम खुशाल राहू द्यावेत.

आणखी एक गोष्ट, जी सामानाची नाही पण रॉड कधी वापरायचा त्याची आहे. पावसाळ्यात मरळीची तांबूस पिल्ले थवा करून पृष्ठभागावर फिरतात आणि नर-मादी त्यांची राखण करतात. थव्याशेजारी बेडूक टाकला की पालक हमखास झडप घालतात; तेव्हा गळ टाकू नये, कारण पालक उचलले की थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

प्रश्न : वर्धा जिल्ह्यातील एका वाचकाने विचारले आहे की, सात फुटी मध्यम ताकदीच्या ब्लँकला एका दुकानदाराने पाच गाइड पुरे सांगितले, तर दुसऱ्याने बारा, खरे किती? आणि सिलिकॉन कार्बाइडच्या महागड्या कड्या खरोखर लागतात का?

उत्तर : जुना ठोकताळा असा की जितके फूट तितके गाइड आणि वर टिप-टॉप (शेंड्याच्या टोकावर बसणारी कडी), म्हणजे आपल्याला सात किंवा आठ आणि एक. पाचांत दोरी ब्लँकचा बाक धरत नाही. दोन गाइडच्या मध्ये ती ताणलेल्या तारेसारखी सरळ जाते आणि सगळा भार मोजक्या जागी येतो. बाराही लावता येतात, पण मग ते अगदी लहान आणि हलके असावे लागतात.

स्पिनिंग रीलवरून दोरी वेटोळ्यांनी सुटते, त्यामुळे पहिले दोन-तीन गाइड नरसाळ्यासारखे काम करतात : मोठ्या वेटोळ्याला थोडे थोडे आवरत सरळ रेषेत आणणे. रीलच्या स्पूलच्या, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या फिरकीच्या, ओठाचा व्यास मोजा. तो ४६ मिलिमीटर असेल तर पहिल्या गाइडची कडी त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे २५ क्रमांकाची घ्यावी. नरसाळे जिथे संपते ते गाइड स्पूलच्या तोंडापासून व्यासाच्या २७ पट अंतरावर बसवून पाहावे. २७ गुणिले ४६ म्हणजे १२४२ मिलिमीटर, साधारण चार फूट एक इंच. त्या दोहोंच्या मध्ये १६ क्रमांकाचे एक, आणि पुढे शेंड्यापर्यंत सारखी लहान चार, असा संच सात फुटी काठीला बहुधा चपखल बसतो. हे आकडे सुरुवातीची खूण म्हणून घ्यावेत, कारण शेवटचा निकाल काठी वाकवूनच लागतो. फुजीसारख्या कंपन्यांच्या गाइडवरचा क्रमांक हा कडीचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. आतले भोक त्याहून लहान असते, तेव्हा दोरीला जाड नायलॉनचा पुढचा तुकडा गाठीने जोडणार असाल तर ५ किंवा ५.५ ऐवजी ६ किंवा ७ क्रमांक घ्यावा, नाहीतर प्रत्येक फेकीला गाठ टकटक करत जाईल.

जागा ठरवताना गाइड लगेच धाग्याने बांधू नयेत. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूबचा एक वीतभर तुकडा आणावा, त्याचे बांगडीसारखे बारीक छल्ले कापावेत आणि गाइडचा पाय त्या छल्ल्यांनी ब्लँकवर धरावा. मग दोरी सर्व गाइडमधून ओवून तिच्या टोकाला अर्धा किलोचे वजन लावावे आणि काठी उचलावी. दोरी जिथे कोनात मोडताना दिसते तिथले गाइड थोडे शेंड्याकडे सरकवावे, मग पुढचे, मग पुन्हा पहिले. रबराचा छल्ला सरकतो म्हणून हे काम तासाभरात होते. मी पहिल्या रॉडला ही चाचणी न करता पुस्तकी अंतरांवर गाइड बांधले होते आणि नंतर ब्लेडने सगळे बांधकाम कापून काढावे लागले. त्या कापाकापीत ब्लँकवर पडलेले ओरखडे आजही बोटाला लागतात.

आता कड्यांविषयी. आजच्या बहुतेक चांगल्या गाइडमध्ये कडी सिरॅमिकची असते. साधी कडी ॲल्युमिनियम ऑक्साइडची. तिच्या वर सुधारित मिश्रणाच्या, फुजी ज्याला अल्कोनाइट म्हणते तशा. त्यावर सिलिकॉन कार्बाइड, जी अधिक कठीण असते, अधिक गुळगुळीत घासता येते आणि घर्षणाची उष्णता लवकर पसरवते. विणलेली दोरी पाण्यातली बारीक माती सोबत आणते आणि नुसत्या तारेच्या कड्यांना खाच पाडते, हे खरे आहे. परंतु तलावावरच्या कामासाठी मधल्या दर्जाची सिरॅमिक कडी वर्षानुवर्षे टिकते. पैसे अगदी उतू जात नसतील तर केवळ टिप-टॉप आणि पहिले गाइड सिलिकॉन कार्बाइडचे घ्यावे, कारण सर्वाधिक घासाघीस तेथेच होते. टायटॅनियमच्या चौकटीने शेंडा हलका होतो आणि गंज लागत नाही; खाऱ्या पाण्यावर तिचे मोल आहे, आपल्या गोड्या पाण्यावर ते केवळ वजनापुरते उरते. गाइड विकत घेताना कापसाचा बोळा कडीतून ओढून पाहावा, आणि कापूस आपल्याकडे मागायला जावे लागत नाही. तंतू अडकला तर कडीला डोळ्यांना न दिसणारा तडा आहे असे समजून ती परत करावी. तसा तडा एका दिवसात दोरी कापतो.

टिप-टॉप मागवताना मात्र मापाचा घोटाळा सांभाळावा. अमेरिकी पद्धतीत त्याच्या नळीचा क्रमांक इंचाच्या चौसष्टाव्या भागांत असतो, म्हणजे ६ क्रमांकाची नळी सुमारे २.४ मिलिमीटरची, जपानी मालावर तेच माप थेट मिलिमीटरमध्ये लिहितात. ब्लँकचा शेंडा व्हर्नियरने मोजून मगच मागणी नोंदवावी.

प्रश्न : ब्लँकचा ‘स्पाइन’ शोधून त्याच बाजूला गाइड बांधले नाहीत तर काठी हातात फिरते, असे ऐकले. हे कितपत खरे आहे?

उत्तर : फारसे नाही. कार्बनचे कापड निमुळत्या पोलादी दांड्यावर गुंडाळून ब्लँक भाजतात. कापडाची कड जिथे एकावर एक येते ती बाजू थोडी ताठ राहते, तिला स्पाइन म्हणतात. काठी हातात फिरते ती मुख्यतः गाइड वरच्या बाजूला असतील आणि दोरीचा ताण ब्लँकच्या वरून जात असेल तेव्हा, आणि ती स्पाइन कुठेही असला तरी फिरू पाहते. स्पिनिंग रॉडचे गाइड खाली असतात, तेथे ही भीती नाही. त्यापेक्षा ब्लँक गोल फिरवून डोळ्यांच्या रेषेत पाहावा आणि तो ज्या बाजूने सर्वांत सरळ दिसेल त्या रेषेवर गाइड घ्यावेत.

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्यातून एका वाचकाने विचारले आहे की, मुठीला कॉर्क चांगले की फोम, आणि रील सीटचे माप कसे घ्यावे? त्यांना एसटीनेच तलावावर जावे लागते, तेव्हा एकसंध काठी घ्यावी का, असाही त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी. एसटीत सात फुटी एकसंध काठी नेणे म्हणजे कंडक्टरची आणि शेजाऱ्याच्या डोळ्याची परीक्षा पाहणे आहे. दोन तुकड्यांचा ब्लँक घ्यावा. जोडाने काठीचा वाक बिघडतो ही तक्रार आता जुनी झाली; फक्त वरच्या तुकड्याचे तोंड खालच्यावर बसते तिथे दोन-तीन सेंटिमीटर धाग्याचे घट्ट बांधकाम करावे, म्हणजे ते तोंड फाटणार नाही, आणि जोडावर अधूनमधून मेणबत्ती घासावी.

कॉर्क पोर्तुगाल-स्पेनमधल्या एका ओक झाडाची साल असते आणि ती झाडावरून सुमारे नऊ वर्षांनी एकदा उतरवतात. त्यामुळे उत्तम दर्जाचे कॉर्क महाग आणि स्वस्त कॉर्क म्हणजे भोके आणि त्यात भरलेला भुसा. हाताला ते सुखद लागते यात शंका नाही. पण चिखल, माशाचा चिकटा आणि पावसाची झड यांत काम असेल तर दाट ईव्हीए फोम बरा. तो धुता येतो आणि चिंता राहत नाही. मागच्या मुठीची लांबी ठरवताना रील सीट पकडून पाहा : बूड कोपराच्या थोडे मागे आले पाहिजे. जास्त लांब झाले तर दर फेकीला ते बरगडीत रुतते.

रील सीटवरचा १६, १७, १८ हा आकडा तिच्या आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. ब्लँकचा त्या जागचा व्यास १२.५ मिलिमीटर असेल आणि सीट १७ची, तर चहूबाजूंनी सव्वादोन मिलिमीटरची फट उरते आणि ती भरावी लागते. येथे माझी फजिती सांगतो. मी ती फट मास्किंग टेपने सलग भरली होती, म्हणजे सीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेपच टेप. पावसाळ्यात दोन महिने काठी भिजली, टेपचा गोंद मऊ पडला आणि चांगली मरळ लागलेली असताना रील सीटसकट बाजूला फिरले. एका हाताने सीट आणि दुसऱ्या हाताने दोरी धरून मी ती कशीबशी काठाला आणली. टेप वापरायचीच असेल तर अर्ध्या इंचाच्या तीन वेगळ्या पट्ट्या गुंडाळाव्यात, मधल्या दरीत इपॉक्सी ठासून भरावी आणि टेपच्या उघड्या कडाही इपॉक्सीने बुजवाव्यात. त्याहून बरे म्हणजे भिंतीच्या भेगा बुजवायला मिळणारी जाळीदार फायबर टेप, कारण इपॉक्सी तिच्या जाळीतून आरपार जाते. चिकटवायला पाच मिनिटांत घट्ट होणारी नव्हे, तर रात्रभर लावून ठेवावी लागणारी सावकाश इपॉक्सी घ्यावी.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यात शिंपीकाम करतो. गाइड बांधायला माझ्याकडचा शिलाईचा धागा चालेल का? आणि वर लावायची इपॉक्सी आमच्या उन्हाळ्यात कशी वागते?

उत्तर : धाग्याचा ताण आणि वेढे यांची जाण आपल्या बोटांत आधीच असणार, तेव्हा आपले बांधकाम आमच्यापेक्षा सरस होईल. शिलाईचा साधा पॉलिएस्टर धागा तुटक तंतूंचा कातलेला असतो. इपॉक्सी लागली की त्याची लव उभी राहते आणि पृष्ठभाग खरखरीत दिसतो. भरतकामाच्या यंत्राचा चकचकीत, अखंड तंतूंचा पॉलिएस्टर धागा मात्र चालतो. रॉडसाठी म्हणून मिळणाऱ्या नायलॉन धाग्यात ‘ए’ हे बारीक माप आपल्या कामाला योग्य आहे. नायलॉन इपॉक्सीत भिजले की पारदर्शक होते आणि लाल धागा तपकिरी दिसू लागतो; रंग टिकवायचा असेल तर आधी रंगरक्षकाचा हात द्यावा किंवा पॉलिएस्टरच वापरावे. बांधण्यापूर्वी गाइडच्या पायाचे टोक कानसेने आणि पॉलिश पेपरने उतरते करून घ्यावे, म्हणजे धागा ब्लँकवरून पायावर चढताना फट राहत नाही आणि पायाची धार ब्लँकला कापत नाही.

इपॉक्सीचे दोन्ही भाग समसमान मापाने घ्यावे लागतात. औषधाच्या दुकानातल्या बिनसुईच्या दोन सिरिंज त्यासाठी पुरतात, फक्त त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. मिसळल्यावर ते मिश्रण वाटीत न ठेवता ॲल्युमिनियमच्या कागदावर पसरावे, कारण वाटीत त्याची स्वतःचीच उष्णता साठते आणि ते लवकर घट्ट होते. मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, मिश्रण हातातच गोळा होते. तेव्हा हे काम पहाटे करावे. भर पावसाळ्यात उलट अडचण येते : दमट हवेने वरचा थर पांढुरका आणि चिकट राहतो. आपल्याकडे या कामाला दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. जोडकामाची नेहमीची जाड इपॉक्सी वर लावू नये, ती पिवळी पडते. एक जाड हात देण्याऐवजी दोन पातळ हात द्यावेत; वजनाचा मुद्दा वर आलाच आहे.

इपॉक्सी ओघळू नये म्हणून काठी काही तास सावकाश फिरत राहावी लागते. त्यासाठी खास यंत्र मागवण्याची गरज नाही. कूलरच्या जाळीच्या पट्ट्या डावी-उजवीकडे हलवणारी जी लहानशी मोटर असते, ती मिनिटाला पाच-सहा फेरे घेते आणि कूलर दुरुस्त करणाऱ्याकडे सुटी मिळते. तिच्या दांड्यावर बाटलीचे झाकण बसवून त्यात काठीचे बूड अडकवावे आणि काठीला दोन ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराच्या लाकडी खाचांचा आधार द्यावा. ती मोटर घरातल्या विजेवर चालते, तेव्हा तारा उघड्या ठेवू नयेत.

प्रश्न : मोर्शी तालुक्यातील एक शेतकरी लिहितात : शेततळ्यात रोहू आणि कतला सोडले आहेत. त्यांच्यासाठी कार्बन घ्यावा की काचतंतू? तळ्यावरून विजेची तार गेली आहे.

उत्तर : रोहू-कतल्याला पिठाचा गोळा लावून वाट पाहायची असते, आणि मासा लागला की तो लांब, जड धावा घेतो. सगळीकडून लवणारी, मॉडरेट वाकाची आठ ते दहा फुटी काठी त्या धावा झेलते आणि नाजूक ओठातून गळ फाटून निघत नाही. काचतंतूचा किंवा काच आणि कार्बन मिसळलेला ब्लँक येथे कार्बनपेक्षा उजवा, आणि स्वस्तही.

तारेविषयी ठामपणे सांगतो. कार्बन वीजवाहक आहे. कार्बनची काठी तारेला टेकली, किंवा उच्च दाबाच्या तारेच्या नुसती जवळ गेली, तरी वीज हातापर्यंत येऊ शकते. काचतंतू वीज वाहत नाही, परंतु ओल्या काठीवरचे आणि ओल्या दोरीवरचे पाणी वाहते. तेव्हा काठी कोणतीही असो, तारेखालचा काठ सोडून द्यावा, आणि मृगाच्या तोंडावर ढग गडगडू लागले की काठी आडवी ठेवून घराकडे यावे.

प्रश्न : आम्ही गडचिरोली जिल्ह्यातले. लहानपणापासून बांबूच्या काठीला दोरी बांधून गळ टाकतो. ब्लँक बाहेरून मागवण्याऐवजी आमच्या बांबूचाच करता येणार नाही का?

उत्तर : करता येईल, आणि त्याला इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर बांबूच्या चिरफळ्या चिकटवून रॉड करू लागले, तेव्हा त्यांचा बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जात असे आणि त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. तो आपल्या मानवेल बांबूच्याच जातीचा मानला जातो. पुढे दक्षिण चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली, कारण त्याची पेरे लांब, तंतू दाट आणि वाढ अधिक सरळ होती.

दोन वाटा आहेत. पहिली, अख्खी काठी : खडकाळ, कोरड्या जागची मानवेल जवळजवळ भरीव असते, तीच निवडावी, कटांग बांबू पोकळ आणि काटेरी, तो या कामाचा नाही. तीन वर्षांपुढची, हिवाळ्यात तोडलेली काठी घ्यावी, काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावी म्हणजे तिच्यातले पिष्ट कमी होऊन घुण लागत नाही, आणि मग सावलीत उभी टांगून वाळवावी. वाकडी पेरे निखाऱ्यावर शेकून सरळ करता येतात. तिच्यावर पाच-सहा साधी, दोन पायांची गाइड धाग्याने बांधून वर वॉर्निश दिले की रोहूसाठी उत्तम काठी होते. जड असते, पण ती खांद्यावर घेऊन दिवसभर फेकायची नसते, दोन फांद्यांच्या बेचक्यात ठेवून द्यायची असते.

दुसरी वाट चिकाटीची आहे. बांबूची खरी ताकद सालीलगतच्या दाट तंतूंत असते, म्हणून कारागीर सहा चिरफळ्या घेतात, प्रत्येकीच्या कडा ६० अंशांच्या कोनात रंधतात, साल बाहेर ठेवून त्या एकत्र चिकटवतात आणि षटकोनी काठी तयार होते. निमुळतेपणा मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत सांभाळावा लागतो आणि त्यासाठी खाच असलेला पोलादी साचा लागतो. पेरांच्या गाठी एका रेषेत येऊ नयेत म्हणून चिरफळ्या पुढेमागे सरकवून लावतात. आपल्या गावात टोपल्या-सुपे विणणारे बुरूड कारागीर असतील तर चिरफळ्या काढण्याचे निम्मे काम त्यांच्या सुरीला आधीच येते. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे; बांबूवर प्रक्रिया कशी करावी हे तेथे पाहायला मिळेल. बांबू विकत घेताना लेखा-मेंढ्यासारख्या, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेकडून घेतला तर पावतीसह मिळतो.

चिरफळ्यांच्या पहिल्या प्रयत्नाला सहा फुटांपेक्षा लांब काठी करू नये, आणि गाइड सर्वांत हलके, एका पायाचे घ्यावेत. बांबू स्वतःच इतका जड असतो की त्याच्या शेंड्यावर आणखी भार टाकण्याची सोय नाही.